बिब्याचे हात

बोरी अरबच्या वरच्या अंगाले, टेकडीच्या पायथ्याशी खडकझरी नावाचं गाव आहे. त्या गावातलं शेवटचं घर सत्यभामेचं. त्याच्या पुढं बाभळी, मंग पळस, अन् मंग जंगलच. गावात कोणालेही रस्ता विचारा, हात लांब करून दाखवन, पण सोबत येणार नाही. सारे आंगणाच्या बाहेरूनच आवाज देतात, "भामाबाई, हायस का वो घरी?" कित्येक वर्सं झाले, तिच्या घरचा चहा गावातल्या एकाही माणसानं पेला नाही.

काही भांडण नाही, तंटा नाही. कारण एकच, बिबा.

बिबा म्हंजे जंगलातलं काळं, चपटं बी. दिसाले गरीब. पण त्याच्या टरफलात काळं तेल भरलेलं असते. ते तेल अंगाले लागलं की कातडं जळते, फोड येतात, सुजून जाते माणूस. आमच्याकडं म्हणतात, बिबा उतला. कोणाले तेल लागल्यावर उतते, कोणाले नुसता हात लागल्यावर, अन् कोणी कोणी तर असा नाजूक की फोडणारीच्या घरावरून गेला तरी संध्याकाळी डोळे बंद. पण त्याच टरफलाच्या पोटात पांढरा, बदामावानी गर असते. त्याले गोडंबी म्हणतात. बाळंतिणीच्या लाडवात डिंक पाह्यजे, खारीक पाह्यजे, खोबरं पाह्यजे, अन् गोडंबी तर पाह्यजेच. तिच्याशिवाय पाठीले जोर येत नाही. गोडंबी साऱ्यायले पाह्यजे. ती काढणारी बाई मात्र कोणाले उंबऱ्याच्या आत नको.

बिबा फोडणाऱ्या बाया तालुक्यात पन्नास असतीन, पण सत्यभामेसारखा हात एकीचाही नाही. ही फुशारकी नाही. दारव्ह्याच्या बाजारात जफरभाईले जाऊन विचारा. गोडंबीचा जुना व्यापारी माणूस, दुसरीचा माल सुपात घेऊन दाणा दाणा पाह्यते, अन् सत्यभामेचं गाठोडं न सोडताच पोत्यात टाकते. "बाई का माल है, आंख मूंद के लो," असं गिऱ्हाइकाले सांगते. बिबा दगडावर उभा धरायचा, राख लावायची, अन् त्याच्या शिरेवर हातोडीचा एकच ठोका. जोरात पडला तर गर ठेचून तेलात भिजते. हलका पडला तर टरफल अर्धं चिरते अन् पिचकारी थेट तोंडावर. सत्यभामेचा ठोका बरोबर मधातला. गर अख्खा बाहेर, टरफल दोन फाकी. घराणंच तसं आहे तिचं. बाप सागवान नसलेल्या, आडजात लाकडाची बैलगाडी अशी बनवे की दारव्ह्याचे सुतार पाहाले येत. मोठा भाऊ पंजाबराव बोरीत राह्यते, सातवी शिकला, पण त्याच्या शब्दाले गावात जे वजन आहे ते बारावीवाल्यायच्या शब्दाले नाही. हातात घेतलेलं काम वाकडं होऊ द्याचं नाही, हे त्या घरचं रक्त.

नवरा काविळीनं गेला तवा सत्यभामेची पोरगी रुपाली तीन वर्सांची होती. दोन एकर हलकं वावर होतं. त्यात कपाशी. पण त्या सालांत कपाशीनं कोणाले साथ दिली? नवीन बियाणं आलं, नवीन फवारे आले, सकाळी एक औषध, दुपारी दुसरं. बोंडात अळी ती अळीच. सन दोन हजारच्या पुढची पाच सालं तर अशी गेली, की कापूस वेचाच्या दिवसांत बाया रिकाम्या ओट्या घेऊन परत येत. कधी अळी, कधी लाल्या, पानं लाल होऊन झाड उभ्या उभ्या वाळे. त्या सालांत खडकझरीत ज्या घरात चूल बंद पडली नाही, त्या घरात जंगल होतं. फागुन-चैतात मोह, वैशाखात तेंदूची पानं, त्याच्या मागं चारोळी, पावसाच्या आधी पळसाची पानं, अन् थंडीत बिबा. जंगलात फवारा लागत नाही. सत्यभामेनं रुपालीचं बारावीपर्यंतचं शिक्षण, लग्न, मांडव, सारं बिब्यावर केलं. वावरातला कापूस तिच्या घरात गादीत भरन एवढाच आला.

पण बिब्यानं देलं तसं नेलंही.

रुपाली सहा वर्सांची असन. शाळेतून पळत आली. सत्यभामा आंगणात बिबे फोडत बसलेली, अन् पोरगी मागून येऊन गळ्यात पडली. "माय, मी पाठ केली कविता!" सत्यभामेनं काही विचार न करता पोरीले पोटाशी धरलं. तोच तिचा गुन्हा. संध्याकाळी पोरीचं तोंड भोपळ्याएवढं. आठ दिवस डोळे उघडले नाहीत. पोरगी नुसती चाचपे, "माय, कुठं हायस?" अन् माय खाटेपासून दोन हात दूर उभी. जवळ जावं तर अजून उतन.

नवव्या दिवशी पंजाबराव सायकलवर आला. पोरीले दांडीवर बसवलं.

"भामा, पोरगी माह्याकडं राहीन. तू बिबा सोडू नको, सोडशीन तर खाशीन काय? तू कमव, मी वाढवतो. माह्या घरी एक ताट जास्त झालं तर माह्ये बैल काही मरत नाहीत."

तवापासून रुपाली मामाच्या घरी. सत्यभामा आठवड्याले बोरीच्या बाजारात जाये, भावाच्या फाटकापाशी कडुलिंबाखाली बसे. पोरगी ओसरीवरून बोले, माय लिंबाखालून. मधात आंगण. पोरगी मोठी झाली, वेणी घालाले लागली, ते सारं सत्यभामेनं आंगणाच्या पलीकडून पाह्यलं. गोडंबीची पुरचुंडी मात्र ती बारीक राखेत चोळून, फडक्यात घासून, एक एक दाणा उन्हात पाहून आणे. टरफलाचा केसाएवढा तुकडा राह्यला तरी पोरीचे ओठ सुजत. एकदा मामानं हौसेनं दुसरीकडची गोडंबी आणली, अन् तसंच झालं. मायच्या हातची मात्र कधी उतली नाही.

लग्नात, बुद्धवंदना झाली, फुलं टाकली, साऱ्या बायायनं नवरीले मिठी मारली. सत्यभामा मांडवाच्या मागच्या बल्लीपाशी उभी होती. नवी नवरी, आंगणभर पाव्हणे, उतलं तर काय म्हणतीन सासरचे. जीप निघाली तवा तिनं लांबूनच हात हालवला. काळा, राखेनं भेगाळलेला हात. मंग पदराखाली घेतला.

आता खरी गोष्ट दोन हजार पाचची.

दसऱ्याच्या आधी वणीवरून, पोरीच्या सासरहून, निरोप आला. रुपालीले दिवस गेले. नवरा राजदीप कोळशाचा ट्रक चालवते, घरी सासू नाही, तवा पहिलं बाळंतपण माहेरी. अन् पोरीनं निरोपात वेगळं सांगतलं होतं, "मामाच्या घरी नाही. माह्या मायच्या घरी."

सत्यभामा ते ऐकून दगडावर बसली ती बसूनच राह्यली. हातात हातोडी, समोर अर्धं पोतं. मंग उठली, पोतं बांधलं, अन् टेकडीवरच्या तांड्यात बिजलीबाईकडं नेऊन टाकलं. बिजलीबाई दर साली जंगलातून बिबे वेचून तिले आणून दे. अख्ख्या जगात सत्यभामेच्या आंगणात पाय ठेवणारी ती एकटी, कारण तिले बिबा उततच नाही.

"हे काय वो? माहे बिबे मलेच वापस?" बिजलीबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हातारी झाली का तू?"

"आजी होणार हाय."

"मंग तर घेच! लाडू लागतीन."

"नाई. या वर्षी हात साफ करतो. नातवाले घेतो मांडीवर."

बिजलीबाई तिच्या हाताकडं पाहून हासली. "हे हात? हे साफ करता करता तुह्या नातवाले मिशा फुटतीन."

"फुटू दे. घेईनच."

अन् मंग तिनं जे केलं, ते करणारी दुसरी बाई दाखवा. आंगणातली माती वीतभर खोदून काढली अन् नाल्यापलीकडं खड्ड्यात पुरली. फोडायचा दगड अन् हातोडी बोराच्या झाडाखाली गाडली. तळ्यातली नवीन माती आणली, भिंती पोतारल्या, शेणानं आंगण सारवलं, एकदा नाही, सात वेळा. घरातले फडके, टोपले, सूप, जे जे बिब्याच्या कामातलं होतं ते सारं जमिनीत. पोटापाण्याले दुसऱ्याच्या वावरात वेचणीले गेली. बाया सुरुवातीले तिच्यापासून दोन तासं, म्हंजे कपाशीच्या दोन ओळी, सोडून चालत. एक म्हणे, "भामाबाई, तुमी त्या धुऱ्यानं चाला वो, माह्याकडं लहान लेकरू हाय." ती धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, चालली. कापूस तरी कुठं होता म्हणा, लाल्यानं झाडं तांबडी पडलेली.

रोज सांजच्याले हाताले तिळाचं तेल, मंग राख, मंग परत तेल. पाणी नाही, पाण्यानं बिबा पसरते. महिनाभरात काळं कातडं पापुद्र्यासारखं निघाले लागलं. दिवाळीले नखातली काळी रेघ गेली. कार्तिक सरता सरता तिचे हात गव्हाच्या कणकीवानी झाले. ती उन्हात बसून हात उलटे-पालटे करून पाहे. तिचेच, पण ओळखीचे नाहीत. त्या हातायले काही काम नव्हतं. घरात ठोक्याचा आवाज नव्हता. इतके वर्स तो ठोकाच तिच्याशी बोलत होता, आता तोही गप.

रुपाली आली आठव्या महिन्यात. जीपमधून उतरली अन् सरळ आंगणात. सत्यभामा आदतीनं दोन पावलं मागं सरकली.

"माय, आता कायले पळून राह्यली? पाहू हात." रुपालीनं दोन्ही हात आपल्या हातात घेतले, गालाले लावले. "अवो, हे तर माह्यापेक्षा मऊ झाले! मामी पाह्यन तर म्हणन शहरातली बाई आली."

पाच दिवस. पाचच दिवस. त्या पाच दिवसांत सत्यभामेनं पोरीचं डोकं विंचरलं, तेल लावलं, पायाच्या टाचा चोळल्या, स्वतःच्या हातानं ज्वारीची भाकर मोडून घास देला. रुपाली म्हणे, "माय, मी काही लहान हाव का?" सत्यभामा म्हणे, "लहान होती तवाचे घास राह्यले हायत." पोरगी झोपली की ती तिच्याजवळ बसून नुसती पाहे. एवढ्या जवळून तिले पोरीच्या कानामागचा तीळ पहिल्यांदाच दिसला.

सहाव्या दिवशी सकाळी रुपाली उठली तर मान लाल, हात सुजलेले, पापण्या जड.

सत्यभामेनं घर पाह्यलं, आंगण पाह्यलं, आपले हात नाकाशी नेऊन हुंगले. काहीच नाही. मंग खाटेवर नजर गेली. गोधडी. येणाऱ्या लेकरासाठी अन् पोरीसाठी तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती. माय जवळ नाही राह्यली तर मायचं लुगडं तरी जवळ राहो. लुगडे जुने, पन्नास वेळा धुतलेले, पाण्यासारखे मऊ. काळा डाग कुठं दिसते का म्हणून तिनं उन्हात धरून धरून पाह्यलं होतं, दिसला तिथं कैचीनं कापून टाकलं होतं. पण ते लुगडे तिनं बिबे फोडताना नेसलेले होते. धोबी लोक आधी या बिब्यानंच कपड्यावर खूण करत, ती खूण कपडा फाटला तरी जात नसे. हे तिले माहीत नव्हतं का? तिच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असन? पण हात साफ झाले अन् तिले वाटलं, आता सारंच साफ झालं.

पंजाबराव अन् त्याची बायको दुपारी जीप घेऊन आले. पोरीचं तोंड पाहून पंजाबराव जो बोलला तो बोलला.

"तुले एक गोधडी धडाची करता आली नाई, भामा? पंधरा वर्सं माह्या घरी पोरीले खरोचही लागली नाई. अन् तुह्या घरी पाच दिवस, पाच दिवस ठेवली तर हे!"

सत्यभामेनं मान खाली घातली.  तिच्या भावजयीनं गोधडी काडीनं उचलली अन् चुलीकडं निघाली.

"वहिनी, जाळू नको!" सत्यभामा ओरडली तशी आयुष्यात कधी ओरडली नसन. "धूर लागला तर पोटातल्यालेही उतन! दे इकडं." तिनं गोधडी उघड्या हातानं घेतली, नाल्याकडं पळाली, अन् खड्डा करून पुरली. परत आली तवा जीप निघून गेलती. आंगणात चाकाचे वळ अन् सात वेळा सारवलेलं शेण उखडलेलं.

पंजाबरावले त्या बोलण्याचा पस्तावा झाला, बोरीच्या निम्म्या रस्त्यातच झाला. पण मोठा भाऊ. परत फिरून सांगते कोण?

सूज आठ दिवसांत उतरली. पूस महिन्यात दारव्ह्याच्या दवाखान्यात रुपाली मोकळी झाली. पोरगी. सत्यभामा व्हरांड्यात खांबाले टेकून होती. नर्सनं काचेतून दाखवली तवा एवढंच दिसलं की केस दाट आहेत अन् मूठ घट्ट आहे.

भावजय बाहेर आली. बाई मनानं वाईट नाही. "बाई, तुमचे हात साफ हायत, मले दिसते. पण गोधडीनं भेव बसला वो. सव्वा महिना जाऊ द्या. लेकरू जरा धरतं होऊ द्या. सव्वा महिन्याच्या दिवशी म्याच तुमच्या मांडीवर ठेवतो. शब्द."

"शब्द?" सत्यभामेनं विचारलं.

"शब्द."

झालं. सत्यभामेनं दिवस धरले. गोधडी घेतली ते हात, शंका नको म्हणून, परत तेल-राखेनं चोळले. दर दोन दिवसांनी पायी बोरीले जाये, लिंबाखाली बसे. ओसरीतून पोरीचं रडणं ऐकू ये. ती मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसे, जशी काही त्यात कोणी झोपलेलं आहे.

एक दिवस रुपाली भिंत धरत धरत ओसरीवर आली. चेहरा पांढरा.

"माय, माही पाठ तुटून राह्यली. लेकराले घेऊन दोन मिनिटं बसवत नाही. वणीले गेल्यावर कसं होइन? तिथं कोण हाय? मले तुह्या गोडंबीचे लाडू पाह्यजे."

सत्यभामा लिंबाखालून म्हणाली, "देतो की."

"मामी म्हणे बाजारातून आणतो. म्हटलं नाई, मायच्या हातचीच. बाकीची उतते मले. आहे ना घरी?"

"आहे," सत्यभामा म्हणाली. "भरपूर आहे."

घरी एक दाणा नव्हता. पंजाबराव फाटकापर्यंत मागं आला. "मी दारव्ह्यावरून आणतो ना. उत्तमातली आणतो. माह्यी ओळख हाय."

"मी जातो पाहाले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सवारीच्या जीपमधी कोंबून बसून दारव्ह्याले गेली. जफरभाईनं तिले पाहून गादीवरून उठून पाणी देलं. "बाई, तुम्हारा माल तो दसरे में ही खतम हो गया. ये है दूसरों का. बिटिया के वास्ते है, तो तुम खुद देखो. मैं अपनी जुबान नहीं देता."

सत्यभामेनं एक दाणा घेतला, उजेडात धरला. पाठीवर केसाएवढी तपकिरी रेघ. दुसरा घेतला. त्यालेही. तिसरा साफ. चौथ्याले रेघ. तिनं दाणे परत पोत्यात सोडले, हात फडक्याले पुसले अन् उठली.

जफरभाई म्हणाला, "अब?"

"अब क्या. हात तर हायत ना."

तो दिवस होता सव्वा महिन्याच्या अकरा दिवस आधीचा.

ती सरळ तांड्यात गेली. बिजलीबाई नवीन बिबे वाळवत होती. ओला बिबा नव्या नवरीवानी तेज, जास्त उतते. सत्यभामेनं मागच्या सालचं तेच पोतं मागितलं.

बिजलीबाईनं पोतं काढलं, पण हात वर ठेवून उभी राह्यली. "पाह्य, मी काही शहाणी नाई. पण तू चार महिने तेल चोळलं. अकरा दिवस थांब, नातीले घे, मंग फोड."

"अकरा दिवसांनी ती जाते वणीले. राजदीप घ्याले येते. पाठ मोडून पाठवू का तिले?"

"मंग म्या फोडतो."

"तुह्या ठोक्यानं गर फुटते. माहीत हाय तुले."

बिजलीबाईनं तोंड वाकडं केलं, "एवढा घमंड!" म्हणाली, अन् पोतं सोडलं.

सत्यभामेनं बोराच्या झाडाखालची माती उकरली. दगड निघाला, हातोडी निघाली, दांडा जरा कुजलेला. दुपारचं ऊन होतं. तिनं आंगणाच्या बाहेर, नाल्याच्या काठावर बैठक मांडली. हाताले राख लावली. पहिला बिबा दगडावर उभा धरला. ठोका मारायच्या आधी तिनं हातायकडं एकदा पाह्यलं. मंग मारला. गर अख्खा निघाला. बोटावर काळा थेंब उतरला, चामडीत शिरला, अन् ते हात परत तिचे झाले.

तीन दिवस ती फोडत होती. एक एक दाणा राखेत, मंग फडक्यात, मंग उन्हात. ज्याच्यावर शंका तो दाणा बाजूले. पाय दुमडून, पाठ वाकवून. चौथ्या दिवशी तिनं पुरचुंडी काडीले अडकवून बोरीच्या फाटकावर ठेवली अन् भावजयीले आवाज देला, "वहिनी, लाडू तू वळ. म्या वळत नाई."

भावजयीनं तिचे हात पाह्यले. तोंडावर पदर धरला. "बाई... पण मी शब्द देलता."

"तू देलता. म्या मोडला. रुपालीले काही सांगू नको."

सव्वा महिन्याच्या दिवशी राजदीप जीप घेऊन आला. "जयभीम मामा," म्हणून पंजाबरावच्या पाया पडला, अन् सासूले साडी आणली होती, निळी, घडी न मोडलेली. भावजयीनं ती सत्यभामेले न्हाणीच्या आडोशाले स्वतः नेसवून देली, तिचा हात लागू न देता, जसं लहान पोरीले नेसवतात. सत्यभामा परत लिंबाखाली जाऊन उभी राह्यली. हात मागं बांधून.

रुपाली लेकरू घेऊन ओसरी उतरली. पाठ ताठ. चालणं सरळ. अर्धं आंगण ओलांडून आली.

"माय, आज सव्वा महिना झाला. मामी म्हणे आज तू घेणार होती. घे ना."

"नको. झोपेल हाय ती."

"जागी हाय. पाह्य कशी पाहून राह्यली. हात काहून मागं?"

"असेच."

"दाखव."

सत्यभामेनं दाखवले नाहीत. रुपाली आंगणातच थांबली. तिनं मामीकडं पाह्यलं, मामी खाली पाहे. मामाकडं पाह्यलं, मामा फाटकाची कडी उघडबंद करत होता. मंग तिची नजर जीपमधल्या लाडवाच्या डब्यावर गेली, अन् तिले सारं समजलं.

"घरी भरपूर आहे म्हणे," रुपाली बोलली. आवाज फाटला तिचा. "खोटारडी."

"लाडू चांगले झाले ना? उतले तर नाई?"

"नाई उतले."

"मंग झालं."

राजदीपनं जीपमधून हॉर्न देला. रस्त्याले लवकर लागायचं होतं. रुपालीनं तिकडं पाह्यलंही नाही. ती मायकडं पाहत होती, वरपासून खालपर्यंत, जशी जागा शोधून राह्यली.

"माय, बिबा फोडताना तोंडावर उडते. हातावर उडते. छातीवर, मांडीवर. पाठीवर उडते का?"

सत्यभामा गोंधळली. "पाठीवर कसं उडन? पाठ मागं राह्यते."

"साडी नवी हाय. मामीनं नेसवली. फिर."

"काय?"

"फिर म्हटलं ना. पाठ कर."

सत्यभामा फिरली. तोंड लिंबाच्या खोडाकडं. हात तिनं पुढं पोटाशी घट्ट बांधून घेतले. पदर सरळ होता. मंग तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधात, मणक्यावर, काहीतरी टेकलं. एवढंसं. गरम. रुपालीनं लेकरू दोन्ही हातांनी मायच्या पाठीले लावून धरलं होतं. ते हाललं. नाक घासलं. एक बारीक श्वास साडीतून आत आला, परत आला. सत्यभामा हालली नाही. तिनं श्वासही धरून ठेवला, की पाठ हालन अन् लेकराले धक्का बसन. तिच्यासमोर खोडाच्या सालीवर मुंग्यांची रांग चालली होती, वर, वर, वर. तिनं नजर त्याच्यावर लावून ठेवली.

"केस दाट हायत ना?" तिनं हळूच विचारलं.

"दाट हायत."

"मूठ?"

"तुह्या साडीले धरली हाय तिनं. सोडून नाई राह्यली."

हॉर्न परत वाजला. पंजाबराव जोरात ओरडला, "अरे थांब ना बे जरा, दामाद असला तर काय झालं!" अन् मंग त्यानं तोंड फिरवलं अन् लिंबाच्या पाल्याकडं पाहत राह्यला, जसं काही लिंबाले कीड लागली.

लेकराची मूठ एक एक बोट करून सोडवावी लागली. जीप निघाली तवा सत्यभामा वळली. धूळ, अन् मागच्या काचेत रुपालीचा हालता हात. दिसेपर्यंत तिनं पाह्यलं.

भावजय म्हणाली, "बाई, जेवून जा. आज ओसरीवर बसा." पंजाबराव म्हणाला, "भामा, मी सोडतो ना सायकलवर." तिनं मान हालवली. अन् ती चालत निघाली, खडकझरीच्या रस्त्यानं, एकटीच. चालणं असं सरळ की वावरातल्या बाया काम थांबवून पाहाले लागल्या, हे भामाबाई आज अशी काहून चालून राह्यली म्हणून.

घरी कोणी नव्हतं. चूल थंडी. नाल्याच्या काठावर दगड अन् हातोडी तशीच पडून होती, पोत्यात अजून बिबे होते, अन् उद्या फोडावे लागणारच होते. ती दाराशी बसली. रोज ती तिथं बसे तवा भिंतीले पाठ टेकवे. त्या दिवशी, दिवस मावळेपर्यंत, तिनं टेकवली नाही.